देवमाशाचं घराणं

कमाटीबागेतल्या म्युझियममधला तो देवमाशाचा सांगाडा बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाने एकदा तरी बघितलेला असतो. शाळेच्या ट्रिपमधून घरी आल्यावर दोनच गोष्टी लक्षात राहतात, इजिप्तची ममी आणि हा. २२ मीटर लांबीचा ब्लू व्हेल, १९४० च्या दशकात मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. मी तिसरीत होते तेव्हा त्याच्या जबड्याखाली उभी राहून बाईंना विचारलं होतं की हा ओरडायचा का, तर बाई म्हणाल्या मासा कुठे ओरडतो, चल रांगेत. आणि आता रोज रात्री जेवणं आटपली, ओटा पुसून झाला की मी दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या घरात माडीवर बसून हेडफोन लावते आणि त्याच्याच भाईबंदांचे आवाज शोधते. हेच माझं काम आहे गेली दोन वर्षं. (मासा नाहीच तो, आपल्यासारखाच पिल्लाला दूध पाजणारा प्राणी, पण देवमासा हा शब्द मला इतका आवडतो की मी तोच वापरणार.)

बरेच जण विचारतात की बडोद्यात समुद्र कुठाय, म्हणून आज सगळं नीट लिहून काढते.

तर होतं असं की समुद्रात तळाशी एक रेकॉर्डर सोडतात. जाड नळकांडं असतं, आत बॅटऱ्या आणि मेमरी कार्डं, बाहेर हायड्रोफोन म्हणजे पाण्यातला माईक. त्या माईकमध्ये एक खास सिरॅमिकचा तुकडा असतो, त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते, आणि आवाज म्हणजे शेवटी दाबाचीच लाट ना, ती आली की तेवढी वीज, तेवढी नोंद. खाली वजन, वर तरंगणारा गोळा, मध्ये दोरी. असं ते महिनोन्‌महिने एकटं बसून ऐकत राहतं. बॅटरी पुरावी म्हणून बऱ्याचदा सलग नाही करत रेकॉर्ड, दर अर्ध्या तासातली दहा मिनिटं वगैरे. मग बोट जाते, ते वर काढतात, आणि त्यातलं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर घालून कुरियरने माझ्याकडे येतं. मी समुद्रावर गेलेले नाहीये या कामासाठी एकदाही, पण अरबी समुद्राचं अख्खं एक वर्ष माझ्या टेबलावर पडलंय.

ऐकायचंच का, बघून का नाही मोजायचे, हा पुढचा प्रश्न. आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी मोजतात तेव्हा रात्री टॉर्च मारतात, डोळे चमकतात, मोजल्या. देवमासा श्वास घ्यायला वर येतो, तो दिसला तर दिसला, पुन्हा खाली गेला की गेला, आणि पावसाळ्यात चार महिने अरबी समुद्रात बोट घेऊन कोण जाणार? पाण्यात उजेड दोनशे मीटरच्या खाली जवळजवळ पोचतच नाही, पण आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटरने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त, आणि जितका खर्जातला तितका लांब. नवरात्रात हे सगळ्यांनी अनुभवलंय. लांबच्या ग्राउंडवर गरबा चालू असतो, आपण गच्चीवर असतो, गाणारी काय गातेय त्यातला एक शब्द कळत नाही पण तो ढम् ढम् मात्र छातीत येऊन बसतो. बारीक आवाज वाटेत विरतात, जाड आवाज पोचतो. ब्लू व्हेल नेमका तेवढाच ठेवून बोलतो.

आता किती जाड ते सांगते. पुरुष गवयांची काळी एक म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सत्तरच्या आसपास. ब्लू व्हेलच्या गाण्यातले खालचे सूर तीसच्या आसपास असतात किंवा त्याच्याही खाली, म्हणजे खर्जाच्या तारेच्या अजून एक सप्तक खाली, आणि माणसाचा कान विसाच्या खाली बंदच होतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर काहीच येत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं फाईल खराब आहे. स्क्रीनवर झगझगीत पट्टा दिसतोय आणि कानाला चिडीचूप.

म्हणून आम्ही आधी बघतो आणि मग ऐकतो. फाईलचं चित्र काढतात, स्पेक्ट्रोग्राम म्हणतात त्याला, आडवा वेळ, उभी सुराची पट्टी, आणि जिथे आवाज मोठा तिथे रंग उजळ. रोज बघून बघून हात बसतो. जहाज गेलं की आडव्या समांतर रेघा येतात, पाऊस पडला की वरचा भाग सगळा धूसर होतो. आणि सगळ्यात वरती जवळजवळ कायम बारीक टिपटिप टिपटिप. ती एक छोटी कोळंबी, नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. हेडफोनमध्ये ऐकलं तर डोळ्यांसमोर कढई येते, तेल तापलंय आणि मोहरी तडतडतेय. शब्दशः तसंच. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात ही फोडणी रात्रंदिवस चालू असते. या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, कधीतरी, आठवड्यातून एखाद्या रात्री, एक लांब रेघ येते, जरा वाकलेली, मग थांबते, मग दुसरी, मग तिसरी. तो तो.

ऐकायचं असेल तर दहापट वेगाने वाजवायचं. तीसचे तीनशे हर्ट्झ होतात, दोन-तीन मिनिटांचं गाणं बारा ते अठरा सेकंदांत संपतं.

हे पहिल्यांदा आत्याला ऐकवलं. आत्या आमच्याकडेच असते, आयुष्यभर गाणं शिकवलंय तिने, आणि हे शहर फैयाजखाँसाहेबांचं आहे हे ती घरात आलेल्या प्रत्येकाला एकदा सांगतेच. तिला हेडफोन दिला, तिने डोळे मिटले, दोनदा ऐकलं, आणि विचारलं, "हे सगळे असंच गातात?"

मी म्हणलं नाही, इथले असं गातात. श्रीलंकेकडचं एक गाणं आहे, मादागास्करकडचं वेगळं, ऑस्ट्रेलियाकडचं वेगळं, आणि वर्षानुवर्षं त्या त्या भागातले तेच गातात, तुकडे तेच, क्रम तोच.

"मग घराणं म्हण ना सरळ."

तेव्हापासून मी मनात घराणंच म्हणते. कारण शास्त्रज्ञ करतात तेही तेच आहे. दोन ब्लू व्हेल शेजारी ठेवले तर बघून सांगणं अवघड की हे वेगळ्या टोळीतले, पण गाणं ऐकलं की कळतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये साल्वातोरे सर्कियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच एक कोणालाच माहीत नसलेलं गाणं जाहीर केलं. सर्कियो मादागास्करच्या बाजूला दुसऱ्याच जातीच्या देवमाशांचा अभ्यास करत होते, तिथे रेकॉर्डिंगमध्ये हे आलं, मग ओमानच्या किनाऱ्यापुढे हंपबॅक नावाच्या देवमाशांसाठी ठेवलेल्या रेकॉर्डरमध्येही हेच, आणि तिथे तर जास्तच. म्हणजे आपल्या अरबी समुद्रात ब्लू व्हेलची एक अख्खी टोळी होती आणि २०२० पर्यंत तिला नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी चागोस बेटांकडचं अजून एक गाणं स्वतंत्र टोळीचं म्हणून पुढे आलं, आणि ते कशात सापडलं तर अणुचाचण्यांवर लक्ष ठेवायला समुद्रात लावलेल्या हायड्रोफोनमध्ये. बॉम्ब ऐकायला ठेवलेल्या कानांनी जवळजवळ वीस वर्षं देवमासे टिपून ठेवले होते. त्याच २०२१ साली दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांचं काम आलं, लक्षद्वीपला कवरत्तीजवळ ठेवलेल्या रेकॉर्डरमध्ये श्रीलंकेच्या घराण्याचं गाणं सापडलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या पाण्यात, आपल्या माणसांनी ऐकलं.

आणि अजून एक, जे आत्याला सगळ्यात जास्त लागलं. १९६० च्या दशकापासूनची रेकॉर्डिंगं लावून बघितली तर जगभरच्या ब्लू व्हेलची पट्टी उतरत चाललीय. सगळ्या घराण्यांची, दरवर्षी थोडी थोडी. का, त्यावर अजून एकमत नाही. पण आमच्या कामात याचा अर्थ असा की हाका पकडणारं सॉफ्टवेअर दहा वर्षांपूर्वीच्या पट्टीवर लावून ठेवलं तर ते आजची हाक सोडून देईल, आणि आपण म्हणू कमी झाले.

इथे खरी अवघड गोष्ट येते, मोजण्याची. लोकांना वाटतं हाका मोजल्या की मासे मोजले. सकाळी आमच्या गल्लीत भाजीवाल्याची आरोळी दहा वेळा येते. दहा भाजीवाले आले का? एकच दहादा ओरडला असेल, तिघं मिळून दहा झाल्या असतील, एक आला असेल पण न ओरडता दारात उभा राहिला असेल, आणि बाहेरून लग्नाचा वरघोडा जात असेल तर कोणी कितीही ओरडू दे, ऐकूच येणार नाही. समुद्रात अगदी हेच. त्यामुळे हाकांचा आकडा आला की त्यातून आधी सॉफ्टवेअरने चुकून पकडलेल्या काढायच्या. मग बघायचं की किती लांबची हाक आपल्याला ऐकू येते, म्हणजे किती समुद्र आपण ऐकतोय, आणि ते रोज बदलतं, जहाज जवळ असलं की आपलं वर्तुळ एकदम लहान होतं. मग त्या वर्तुळातल्या किती हाका हाताला लागतात. आणि शेवटी एक जनावर तासाला किती हाका देतं. हे शेवटचं सगळ्यात कठीण, त्यासाठी त्याच्या पाठीवर चिकटणारं यंत्र लावून त्याच्याबरोबर राहावं लागतं, आणि ऋतू बदलला की तेही बदलतं. वर परत हंपबॅक काय, ब्लू व्हेल काय, गाणारे नर. माद्या आणि पिल्लं माझ्या त्या रेघांमध्ये नाहीतच. ती आहेत, खाली कुठेतरी आहेत, मला दिसत नाहीत एवढंच. एखादा महिना कोरा गेला की मी तक्त्यात "नाहीत" असं कधीच लिहीत नाही, "ऐकू आले नाहीत" लिहिते, आणि कोणी ते बदलून "नाहीत" केलं की मी भांडते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका हार्ड डिस्कवर मला खाली वीसच्या आसपास ठोके सापडायला लागले. एकसारखे, ठराविक अंतराने, तासभर चालणारे. फिन व्हेल म्हणजे ब्लू व्हेलच्या खालोखाल मोठा देवमासा, त्याचे ठोके वीस हर्ट्झवरच असतात, त्यामुळे माझं काळीजच उडालं. तीन आठवडे मी ते एकेक करून खुणा करत बसले. दिवसातून दोनदा यायचे. आईला जेवताना सांगत होते की बघ किती शिस्तीचा आहे, दोन वेळा येतो, फक्त रोज थोडा उशीर करतो, काल आठला आला तर आज पावणेनऊला.

आईचं माहेर रत्नागिरीकडचं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "रोज पाऊण तास पुढे? अगं मग ते समुद्राचं घड्याळ आहे, माशाचं नाही."

तिकडे लहानपणी सगळ्यांना पाठ असतं म्हणे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला भरती. म्हणजे रोज पाऊण तास पुढे. मी जेवण तसंच टाकून वर गेले, तारखा काढल्या, कॅलेंडरवरच्या तिथ्या बाजूला मांडल्या, आणि बसल्या जागी सगळं उलगडलं. भरती-ओहोटीचा ओढा जोरात असला की रेकॉर्डरची दोरी ताणली जाऊन तारेसारखी थरथरते, तिचा आवाज होता तो. तीन आठवड्यांच्या खुणा एका रात्रीत पुसल्या. वाईट वाटलं, खूप वाटलं, कारण मी त्या ठोक्यांवर मनापासून जीव लावला होता. पण चुकीचा आकडा पुढे गेला असता तर त्याहून वाईट झालं असतं, आणि आता दर डिस्क आली की मी पहिलं काम हेच करते, तिथ्या मांडून बघते.

गंमत म्हणजे हेच वीस हर्ट्झचे ठोके जेव्हा पहिल्यांदा समुद्रात ऐकू आले तेव्हा उलटी फसगत झाली होती. १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने रशियन पाणबुड्या ऐकायला समुद्रतळाशी हायड्रोफोनचं जाळं टाकलं, त्यात हे ठोके यायला लागले, आणि इतके नियमित की लोकांना हे जिवंत काही असेल असं पटेना, यंत्रच असणार. साठच्या दशकात जाऊन नक्की झालं की हा फिन व्हेल. त्यांना जनावर यंत्र वाटलं, मला दोरी जनावर वाटली.

हे सगळं इतकं जीव तोडून का करायचं, तर आपल्या समुद्रातला हिशोबच तसा आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक जगात कुठल्याच हंपबॅकसारखे नाहीत. बाकीचे उन्हाळ्यात थंड पाण्यात जातात, पिल्लं घालायला उबदार पाण्यात येतात, हे कुठेच जात नाहीत, इथेच राहतात, इथेच खातात, आणि जनुकं तपासली तेव्हा दिसलं की साधारण ७० हजार वर्षं हे बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. ओमानच्या बाजूच्या मोजणीत शंभरसुद्धा भरत नाहीत. आणि १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांच्या ताफ्याने ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यापुढे एका मोसमात यांच्यापैकी दोनशेच्या वर मारले. बेकायदा मारले, लपवून ठेवलं, खरे आकडे नव्वदच्या दशकात बाहेर आले. मी जेव्हा तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आपला सौराष्ट्राचा किनारा डोळ्यांपुढे आला, आपण शाळेत सोमनाथच्या ट्रिपला जाऊन ज्या समुद्राकडे पाठ करून फोटो काढतो तोच हा समुद्र.

२०१७ मध्ये ओमानला एका हंपबॅक मादीला सॅटेलाईट टॅग लावला होता, लुबान नाव तिचं, लुबान म्हणजे अरबीत लोबान, धूप. ती सरळ अरबी समुद्र ओलांडून दक्षिण भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली. तोवर सगळे म्हणायचे ओमानचे ओमानला असतील. म्हणजे तिकडची मोजणी आणि इकडची मोजणी एकमेकांना जोडली नाही तर उपयोग नाही, आणि इकडे किनारा एवढा लांब आणि कान किती थोडे.

आणि वरून जहाजं. माझ्या फाईलींमध्ये जहाजाच्या रेघा नाहीत अशी रात्र शोधावी लागते. मोठ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज नेमका त्याच खर्जात असतो जिथे ब्लू व्हेल बोलतो. २००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा काही दिवस जहाजांची ये-जा एकदम कमी झाली, कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये पाण्यातला आवाज ६ डेसिबलने खाली आला, आणि तिथे राईट व्हेल नावाच्या देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करण्याचं काम आधीपासून चालू होतं, त्यात ताणाची संप्रेरकं त्या दिवसांत कमी निघाली. शांतता झाली आणि त्यांच्या अंगातला ताण उतरला. नवरात्र संपल्यावर पहिल्या रात्री ग्राउंडशेजारच्या घरातलं आजारी माणूस जसं झोपतं ना, तसं मला ते वाटतं.

बोस्टनच्या बाजूला तर समुद्रात ऐकणाऱ्या बोयाच लावल्यात, राईट व्हेलची हाक आली की जहाजांना कळवतात, वेग कमी करा. चारशेच्याही आत उरलेत ते. आपल्याकडे असं व्हावं असं मला फार वाटतं, आधी कुठे आणि कधी येतात ते तरी नीट कळू दे.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. पहाटेची फाईल, ३ वाजून १२ मिनिटं, जहाज नाही, दोरी नाही (तिथी बघितली), आणि खाली ती वाकलेली रेघ. एक, दोन, तीन तुकडे. परत सुरुवात. मी घाईघाईने खूण केली, एका गाण्याची, आणि दहापट वेगाने लावून सकाळी चहाच्या वेळी आत्याला नेऊन दिलं, नुसतं आनंद म्हणून. तिने ऐकलं. परत लाव म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकताना तिने हात वर केला आणि बोटाने हवेत दाखवलं, "इथे. पहिल्याचं शेवटचं अजून चालू आहे आणि दुसऱ्याने वरचं उचललं. ऐकतेस ना?"

मी म्हणलं घुमत असेल, तळावरून आपटून येतं कधी कधी.

"घुमलं तर तेच परत येईल. हे पुढचं नाही, पहिलं आहे. एक गळा दोन जागा एकदम नाही म्हणू शकत."

वर जाऊन चित्र मोठं करून बघितलं. पहिल्या रेघेच्या शेपटाखाली, खूप फिकट, दुसरी रेघ सुरू झालेली. लांबवर कोणीतरी. माझ्या डोळ्यांनी सोडलेली. मी ती फाईल आमच्या सीनियरकडे पाठवली, दोन दिवसांनी उत्तर आलं की बरोबर आहे, दोन वेगळी जनावरं, श्रीलंकेच्या गाण्याशी जुळतंय. तक्त्यात एक रकाना असतो, कमीत कमी प्राणी. त्यात बहुतेक रात्री ० किंवा १ असतो. त्या रात्रीपुढे मी २ लिहिलं.

रविवारी आत्याला घेऊन कमाटीबागेत गेले होते. तिला जास्त चालवत नाही म्हणून रिक्षा थेट गेटपर्यंत नेली. ती त्या सांगाड्याच्या बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूहळू चालली, बरगड्यांपाशी थांबली, आणि मला म्हणाली, याचं घराणं कुठलं? मी सांगितलं कळणार नाही आता, तेव्हा याच्या पाण्यात कान ठेवलेला कोणी नव्हता, श्रीलंकेचा असेल, ओमानकडचा असेल. ती बराच वेळ तिथेच उभी होती.

येताना रिक्षात तिने विचारलं की त्या रात्रीचे ते दोघं एकमेकांपासून किती लांब होते. मी म्हणलं एका रेकॉर्डरवरून नाही कळत, तीन हवेत, एकाच हाकेला तिघांकडे पोचायला किती कमी-जास्त वेळ लागला त्यावरून जागा काढता येते. पुढच्या खेपेला तीन टाकायचं चाललंय, पावसाळा संपला की.

"मग कळेल ना, जवळ येत होते की लांब जात होते?"

कळेल म्हणलं.